आजोबांचा सदरा, नातीचा फ्रॉक

शिंदखेडा तालुका कापसाचा. दसऱ्याच्या पुढेमागे वेचणी सुरू झाली की रस्त्याने कापसाने फुगलेले टेम्पो आणि ट्रॅक्टर दिसू लागतात, बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकतात. त्याच दिवसांत गावातल्या कापडदुकानात जाऊन तीन-चार वर्षांच्या पोरीसाठी दिवाळीचा फ्रॉक मागून बघा. दुकानदार समोर टाकतो तो माल जवळपास सगळा पॉलिएस्टरचा असतो: नेटचा घेर, सॅटिनसारखं चकचकीत अस्तर, गळ्याला टोचणाऱ्या टिकल्या. "सुती दाखवा" म्हटलं तर वरच्या कप्प्यातून एखादा निघतो आणि त्याचा भावही वरच्याच कप्प्यातला असतो.

यात दुकानदाराचा काही दोष नाही. शिंदखेड्याच्या स्टेशनावर गाडीत बसलं की दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, बारडोली करत ती उधन्याला, म्हणजे सुरतेच्या दारात जाते. सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचं देशातलं सर्वांत मोठं केंद्र. खानदेशातली हजारो माणसं लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत मागावर, डाइंगमध्ये, नाहीतर साडीच्या घड्या घालायच्या कामावर आहेत. लग्नकार्याला ती गावी येतात तेव्हा पिशवीत साड्या आणि किलोवर घेतलेले कटपीस असतात. कापड स्वस्त, रंग पक्का, धुतलं की घटकेत वाळतं, इस्त्रीची गरज नाही. मोठ्या माणसाच्या साडीला हे गुण पुरेसे आहेत. पण मे महिन्यात जिथे पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो तिथे लहान मुलाच्या अंगावर ते कापड म्हणजे शिक्षाच.

तेव्हा या कापसाच्या मुलखात पोराच्या अंगाला चांगलं सुती कापड स्वस्तात मिळायची जागा एकच उरली, ती म्हणजे घरातली जुनी पेटी. आजोबांचे सदरे, धोतराची पानं, आजीचं लुगडं, बापाने कॉलर विरली म्हणून बाजूला टाकलेले शर्ट. जुन्यातून मुलांचे कपडे शिवणं ही गरिबीची सोय, असं आपल्याकडे सरसकट समजतात. पैसे वाचतात ते खरंच, पण पैसे बाजूला ठेवले तरी लहान मुलासाठी हे कापड बाजारातल्या नव्या मालापेक्षा बहुतेक वेळा सरस असतं. का, ते आधी पाहू.

कापूस हवेतला आणि अंगावरचा ओलावा शोषून घेतो. नेहमीच्या हवेत सुती धाग्यात त्याच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी मुरलेलं असतं. पॉलिएस्टरमध्ये ते अर्धा टक्काही नसतं. घाम सुती कापडात जिरतो आणि तिथून उडून जातो. पॉलिएस्टरखाली तो कातडीवरच राहतो, म्हणून काखेत, मानेवर, कमरेच्या इलास्टिकखाली घामोळं उठतं. टेरिकॉट या दोघांच्या मधलं. नेहमीच्या शर्टाच्या टेरिकॉटमध्ये ६७ भाग पॉलिएस्टर आणि ३३ भाग कापूस असतो, म्हणजे नावात कॉटन असलं तरी वरचष्मा कोणाचा ते कळतंच.

शिवाय जुनं सुती कापड नव्या सुतीपेक्षाही काही बाबतींत बरं. विणताना ताण्याच्या धाग्याला खळ लावलेली असते आणि तयार कापडाला वरून फिनिशिंग दिलेलं असतं. नवं कापड हाताला कडक लागतं ते यामुळे. वर्षानुवर्षांच्या धुण्यात हे सगळं निघून जातं. जो रंग उतरायचा तो उतरून झालेला असतो. आणि जेवढं आटायचं तेवढं कापड आटून झालेलं असतं. नवं सुती कापड पहिल्या धुण्याला शेकडा तीन ते पाच आटलं तर नवल नाही; बावीस इंचांच्या फ्रॉकला हा हिशेब इंचभर जातो. जुन्या सदऱ्यातून कापलेला फ्रॉक जेवढा शिवला तेवढाच राहतो. तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर आजीच्या जुन्या लुगड्यातच गुंडाळायचं, झबलं-टोपडंही धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाचंच करायचं, ही रीत घरोघर होती. बारशाला नवं, एरवी जुनं. त्या बायकांना खळ आणि फिनिशिंग हे शब्द माहीत नव्हते, पण बाळाची कातडी काय सोसते हे माहीत होतं.

कापड सुती आहे की नाही ते ओळखायला शिवणीच्या आतल्या बाजूचे चार धागे ओढून काडीने पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे चिमटीत विरून जाणारी करडी राख उरते. पॉलिएस्टर आधी आकसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी होतो. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो. टेरिकॉटमध्ये थोडी राख, थोडा मणी. हे अंगणात, पाण्याची बादली शेजारी ठेवून करावं.

दुसरी परीक्षा जीव किती उरलाय याची. कापड उन्हाकडे धरलं की विरलेली जागा चाळणीसारखी दिसते. मग दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी टेकवून कापड एकदा उभं आणि एकदा आडवं ताणावं. टर्रकन आवाज आला तर ते गोधडीच्या ढिगात टाकायचं. त्यावर शिलाईचे कष्ट घालण्यात अर्थ नाही.

कपडा सगळीकडे सारखा झिजत नाही, आणि जुन्याचं नवं करण्यातलं निम्मं कसब या एका गोष्टीत आहे. पुरुषाचा शर्ट कॉलरच्या घडीवर, बाहीच्या कफावर आणि कोपरावर जातो. पाठीचा खालचा भाग आणि पुढची खालची दोन्ही पानं, जी सदा पँटमध्ये खोचलेली असतात, ती शर्ट टाकून देतानाही जवळपास कोरी असतात. पँट बसायच्या जागी आणि गुडघ्यावर झिजते. गुडघ्याखाली तिला काही होत नाही. साडी टाचेजवळच्या काठावर फाटते, पदर खांद्यावर पिनेने विंधला जातो, बाकी पाच वार कापड ठणठणीत. चादर मधोमध विरते आणि कडेला शाबूत राहते. म्हणून जुना कपडा हातात आला की आधी शिंप्याच्या खडूने त्याचे मेलेले भाग रेघ मारून वेगळे करावेत. उरलेल्यात काय बसतं ते मग बघायचं. आधी फ्रॉकचं चित्र मनात धरून कापड शोधायला निघालं की हमखास कापड कमी पडतं.

आता एक काम सविस्तर करून बघू. मोठ्या माणसाचा, ४२ मापाचा सुती शर्ट आणि चार वर्षांची मुलगी. मुलीची छाती साधारण २२ इंच. मोकळं वावरायला चार इंच ढिलाई धरली की अंगाचा घेर २६ इंच झाला. शर्टाची बटणं लावून तो जमिनीवर सपाट पसरायचा आणि काखेच्या लगेच खाली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवा कापायचा. खाली जे नळकांडं उरतं त्याचा घेर ४४ ते ४६ इंच आणि लांबी १८-१९ इंच. हा फ्रॉकचा घेर. त्याला खालची दुमड शिंप्याने आधीच घातलेली आहे, बाजूच्या शिवणी तयार आहेत, मध्ये बटणपट्टी तयार आहे. शर्टाचा खालचा भाग कमानीसारखा कापलेला असेल तर तो तसाच ठेवावा, छान दिसतो.

वरच्या अंगासाठी, म्हणजे योकसाठी, कापड दोन ठिकाणांहून घ्यायचं. पुढचं पान एका बाहीतून निघतं. बाही शिवणीवर उसवून उलगडली की कोपराच्या वर १४-१५ इंच रुंदीचा चांगला तुकडा मिळतो. मागची दोन पानं शर्टाच्या छातीवरच्या, बटणपट्टी असलेल्या भागातून कापायची, म्हणजे घेराची बटणपट्टी आणि योकची बटणपट्टी एका रेषेत पाठीवर येते. एकही काज नव्याने करावं लागत नाही. हाताने काजं केलेल्या कोणालाही यातली बचत सांगायला नको! दुसऱ्या बाहीचं अस्तर करायचं. योकची उंची सहा इंच. घेराच्या वरच्या कडेला मशीनचा टाका मोठा ठेवून दोन समांतर टिपा मारायच्या, खालचे दोरे ओढून ४५ इंचांच्या चुण्या २६ इंचांत बसवायच्या, बटणपट्टी मागे येईल असा घेर फिरवून योकला जोडायचा. मुंढ्याला आणि गळ्याला उरेब पट्टी, तीही बाहीच्या उरल्यासुरल्या कापडातून. पट्टी तिरकीच कापावी लागते, कारण कापड उभं-आडवं ताणलं जात नाही, तिरकं ताणलं की देतं. म्हणूनच ती गोल गळ्यावर सुरकुती न पडता वळते. शर्टाचा खिसा अलगद उसवून घेराच्या एका बाजूला लावून द्यायचा. लहान मुलांना खिशाचं भारी कौतुक असतं.

दोऱ्याबद्दल एक सूचना. बाजारात मिळणारा पॉलिएस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा मजबूत असतो. ताण आला की दोरा तुटत नाही, शिवणीच्या कडेने कापडच फाटतं, आणि फाटलेलं कापड पुन्हा शिवता येत नाही. विरळ झालेल्या सुतीला सुती दोराच वापरावा. सुई पातळ मलमलीला ११ नंबर, शर्टाला १४, जीन्सला १६. बनियन किंवा टीशर्टच्या कापडाला मात्र घरच्या काळ्या पायमशीनची सरळ टीप पुरत नाही. कापड ताणलं की टीप तुटते. ते काम ओव्हरलॉकवाल्याकडून करून घ्यावं, नाहीतर त्या वाटेला जाऊ नये. टीशर्ट कापून झबली करायचा सल्ला देणारे हे सांगायचं विसरतात.

फ्रॉक झाला, पण मुलगी वाढणार. मूल पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात १२, आणि चार ते दहा वयात दर वर्षी पाच-सहा. छाती मात्र त्या वयात वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरच वाढते. म्हणजे मूल लांबीला भराभर वाढतं आणि रुंदीला हळूहळू. 'वाढतं अंग आहे' म्हणून दोन मापं मोठा रेडिमेड कपडा घ्यायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे फसते: खांदे ओघळतात, गळा घसरतो, आणि लांबी पुरेशी होईपर्यंत कापड गेलेलं असतं. रुंदीला बेताची ढिलाई आणि लांबीला भरपूर माया, हे शिवणाऱ्याच्या हातात असतं; रेडिमेडमध्ये ते जमत नाही, कारण कारखान्याला शिवणीत अर्धा सेंटिमीटर जास्त सोडणंही परवडत नाही. शिंप्याच्या दुकानात अहिराणी आयाबाया सांगतात ते हेच: "भाऊ, पोऱ्या वाढी जाई, दोन बोटं माया सोडजो."

माया ठेवायच्या तऱ्हा वेगवेगळ्या. खालची दुमड तीन इंच घालायची आणि दर वर्षी एक इंच सोडायची, ही सगळ्यांना ठाऊक असलेली. घेरावर बाहेरच्या बाजूने दोन-तीन आडव्या प्लेटा घालून नक्षी केल्यासारखं दाखवायचं आणि वर्षाला एकेक उसवायची, ही जास्त सुबक. अडचण अशी की उसवलेल्या जागी जुन्या घडीची गडद रेघ उमटते, कारण बाकीचं कापड उन्हाने फिकं झालेलं असतं. त्या रेघेवर गोट बसवायचा, लेस लावायची किंवा जुन्या साडीच्या काठाची पट्टी मारायची. पोलक्याला काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंना इंचभर माया पुरते. चड्डीच्या कमरेला नेफा असेल आणि इलास्टिकचं टोक आत सैल ठेवलं असेल, तर कंबर वाढवायला पाच मिनिटं लागतात.

साडीतून परकर-पोलकं हे तर हमखास जमणारं काम. साडीची रुंदी ४४-४५ इंच आणि काठ तिच्या लांबीच्या कडेने जातो. सात-आठ वर्षांच्या मुलीला काठासकट २८ इंच उंचीची पट्टी अडीच मीटर लांब कापली की खाली काठ आयता मिळतो, दुमड घालावी लागत नाही, वर नेफा करून नाडी ओवायची. उरलेल्या १६ इंचांच्या पट्टीला दुसरा काठ असतोच. तो बाह्यांवर आणि पाठीच्या खाली घेऊन पोलकं कापायचं. अशी अडीच मीटर लांबी वापरूनही निम्मी साडी शिल्लक राहते. चांगल्यापैकी सुती साडी असेल तर दोन बहिणींचं एकसारखं होतं, आणि मग आधी कोणाचं शिवायचं यावरून घरात दोन दिवस भांडण.

पँटचं काम सोपं. गुडघ्याच्या खाली कापून मिळणारे दोन्ही नळे तीन वर्षांच्या मुलाच्या चड्डीला पुरतात; पँटची खालची दुमड हीच चड्डीची दुमड. आतली शिवण वरून काही इंच उसवायची, दोन्ही पायांना बैठकीचा गोल आकार द्यायचा, एकमेकांना जोडायचं, वर नेफा. झालं.

घरात जुनं नसेल तर ते विकतही मिळतं. आठवडे बाजारात प्लास्टिकच्या ताडपत्रीवर जुन्या कपड्यांचा ढीग घालून बसलेले विक्रेते असतात, आणि दारावर येणाऱ्या भांडीवाल्या बोहारणीशी याचं थेट नातं आहे. आपण स्टीलच्या डब्यासाठी तिला दिलेल्या दोन साड्या आणि चार पँटी ती स्वतःसाठी नेत नाही. त्या निवडल्या जातात, धुऊन, टाके घालून, इस्त्री करून पुन्हा विकल्या जातात. या धंद्यात गुजरातकडच्या वाघरी, म्हणजे देवीपूजक समाजातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दिल्लीत रघुबीर नगरला त्यांचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरतो. लूसी नॉरिस या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी भारतातल्या जुन्या कपड्यांच्या या प्रवासावर अख्खं पुस्तक लिहिलं, ते २०१० साली निघालं. बोहारीण साडीची जर चिमटीत धरून बघते, पँटची बैठक उन्हाकडे धरते आणि मान हलवून आणखी एक कपडा मागते. तिची नजर कापड निवडायच्या कामी जशी चालते तशीच आपलीही चालवावी. ढिगातून मुलांचा कपडा शोधण्यापेक्षा मोठ्या मापाचा, सुती, रुंद घेराचा कपडा उचलावा. डबल बेडची सुती चादर मिळाली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

बाजारातून आणलेलं मात्र थेट मशीनवर घेऊ नये. त्यात खरजेचा किडा असू शकतो; तो माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. सोसेल तेवढ्या कडक पाण्यात साबण घालून कपडे भिजवावेत, धुऊन उन्हात वाळवावेत. गरम पाणी न चालणारं कापड पिशवीत तोंड बांधून चार दिवस बाजूला ठेवावं. खानदेशातलं ऊन या कामात कसर ठेवत नाही.

आता पैशाचं. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. लहान मुलीचा सुती फ्रॉक दीडशे ग्रॅमचा धरला आणि सरकी, सूतगिरणीतली घट वजा घातली, तर त्याला अर्धा किलो कापूस लागतो. त्याचे होतात चाळीस-बेचाळीस रुपये. फ्रॉकच्या किमतीतला उरलेला सगळा भाग सूत, विणकाम, रंग, शिलाई, वाहतूक आणि दुकान यांचा. जुन्या शर्टात शिलाई सोडून यातला सगळा खर्च होऊन गेलेला आहे. पण ती शिलाई बाहेरून करून घ्यायला गेलं की गणित उलटतं. जुनं उसवून त्यातून शिवणं हे शिंप्याला नव्या कापडापेक्षा किचकट. तो जास्त पैसे मागतो आणि ते रास्तच आहे. बाजारात तेवढ्यात नवा फ्रॉक येतो. तेव्हा हे सगळं परवडतं ते घरी पायमशीन असेल आणि दुपारचे दोन तास मोकळे असतील तरच. शेतमजुरीला जाणाऱ्या बाईकडे हे दोन तास नसतात. घरच्या घरी शिवा आणि पैसे वाचवा असं तिला सांगणं म्हणजे तिच्या वेळेची किंमत शून्य धरणं आहे. तिला बचत गटातल्या किंवा शेजारच्या शिवणाऱ्या बाईची सोय जास्त कामाची. कोणी कापड द्यावं, कोणी शिवावं, उरलेलं कापड शिवणारीने ठेवावं.

कापड वाचवणं ही एके काळी सरकारी मोहीम होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने जून १९४१ पासून कपड्यांना कूपनं लावली. १९४३ साली सरकारने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिकाच काढली. जुन्यातून मुलांचे कपडे कसे काढावेत हे तिच्यात होतं, आणि लहान झालेले कपडे देऊन मोठे घ्यायची अदलाबदल केंद्रं गावोगावी बायकांच्या स्वयंसेवी संघटनेने चालवली. त्याच १९४३ मध्ये आपल्याकडेही कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम आला. अदलाबदल केंद्राची कल्पना मला अजूनही उचलण्याजोगी वाटते, विशेषतः शाळेच्या गणवेशासाठी. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेतल्या पात्र मुलाला दोन गणवेशांचे मिळून सहाशे रुपये धरलेले आहेत. तिसरीतल्या मुलाचा गणवेश चौथीत जाताना त्याला आखूड होतो, फाटलेला नसतो. रंग सगळ्यांचा एकच. कोणाचा कोणी घातला हे ओळखू येत नाही, म्हणून लाजेचा प्रश्नही येत नाही.

लाजेचा प्रश्न खरा आहे. चुलतभावाचा शर्ट घालायला पोराला काही वाटत नाही, पण वर्गातल्या मुलाने ओळखलेला शर्ट तो पुन्हा अंगाला लावत नाही. म्हणून बाहेरून आलेला कपडा तसाच छोटा करून घालण्यापेक्षा त्याचं रूप बदलावं: शर्टाचा फ्रॉक करावा, चादरीचा झगा करावा, दोन वेगळ्या कपड्यांचे भाग जोडावेत. बटणं नवी लावली तरी बराच फरक पडतो. पाच वर्षांपुढच्या मुलाला कापड निवडू द्यावं. आईने दहा वेळा समजावून जे होत नाही ते स्वतः निवडलेल्या बटणाने होतं.

सुरक्षेचं थोडं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या कपड्याला सैल बटण, मणी, टिकली नको. ती तोंडात जाते आणि घशात अडकते. गळ्याला, टोपीला ओढायची नाडी नको. अमेरिकेत आणि युरोपात लहान मुलांच्या टोपीच्या, गळ्याच्या नाड्यांवर नियम आले ते घसरगुंडीत, झोक्यात नाडी अडकून मुलं दगावली म्हणून. आपल्याकडच्या कुंचीलाही गळ्याशी नाडी असते. बाळ मांडीवर आहे तोवर ठीक, झोळीत निजवताना कुंची काढून ठेवावी. आणि चुलीजवळ, दिवाळीत पणत्यांजवळ लोंबता घेर कोणत्याही कापडाचा वाईटच: सुती चटकन पेट घेतं, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

फ्रॉक धाकट्या बहिणीलाही अपुरा झाला की पुढे काय, हे खानदेशातल्या कुठल्याही घरात विचारायची गरज नाही. घेराचे चौकोन गोधडीच्या थरात जातात. वर-खाली जुनी साडी, आत असले तुकडे, आणि धावदोरा कडेकडेने फिरत मध्यापर्यंत. खानदेशात जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा तिचा उपयोग. गोधडी फाटली की तिचं पोतेरं होतं. नेटच्या फ्रॉकचं मात्र पोतेरंही होत नाही, कारण ते पाणी पीत नाही. घरातल्या बायका म्हणूनच तो बोहारणीच्या गाठोड्यात टाकायला बघतात, आणि तीही तो उचलून परत ठेवते.